उघड्या डोळ्यांची प्रार्थना

प्रार्थनेला सगळे डोळे मिटायचे, तेव्हा सिस्टर उघडे ठेवायच्या. तुम्हीही कधी चर्चमध्ये हळूच एक डोळा उघडून पाहिलं असेल. आमच्या सावेडीच्या चर्चमध्ये असं पाहणारा हटकून पकडला जायचा, कारण समोरून सिस्टर बघत असायच्या.

मूळच्या बेलापूरच्या. दवाखान्यात नर्स म्हणून सारी नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर त्या आमचा तरुण संघ चालवायला लागल्या. डोळे का मिटत नाही, असं मी एकदा विचारलं.

“आगं, पेशंटचं तोंड न बघता औषद देत्यात व्हय? ज्याच्यासाठी मागायचं, त्याच्याकडं बघून मागावं.”

एकदा प्रार्थना चालू असताना मागच्या बाकावरचा एक जण शेंगा खात होता. ‘आमेन’ झाल्या झाल्या सिस्टर म्हणाल्या, “दोन हिकडं बी दे.”

प्रेमात पडलेली जोडपी पाळकसाहेबांच्या आधी त्यांच्याकडे यायची. त्यांचा प्रश्न ठरलेला असे. “भांडलाय का एकदा तरी?” नाही म्हटलं की, “मंग आदी भांडा, मंग या.”

माझं लग्न ठरलं तेव्हा मी कुणाशीच भांडले नाही. मुलगा पुण्यात नोकरीला, घर चांगलं, बाबा खूश. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मलाही काही वाटत नव्हतं. आनंद नाही की दुःख नाही. साड्या दाखवल्या, मी मान हलवली.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार उपासनेत सूचना वाचतात. अमक्याचा तमकीशी विवाह ठरला आहे, कुणाची हरकत असल्यास सांगावी. हरकत कुणी घेत नसतं. दुसऱ्या रविवारी सूचनेनंतर आम्हा दोघांसाठी प्रार्थना झाली. सगळ्यांच्या माना खाली होत्या आणि मी दाराकडे बघत बसले होते. नजर वळवली तर सिस्टर माझ्याकडे बघत होत्या.

तिसऱ्या रविवारी पाळकसाहेब सूचना वाचून कागदाची घडी घालायला लागले, तेवढ्यात त्या उठल्या.

“हरकत न्हाई, पन एक इचारते. पोरीला कुनी इचारलंय का?”

बाबांची मान लाल झाली. सिस्टर माझ्याकडे वळल्या.

“तू सांग. हो म्हन नायतर न्हाई म्हन. पन तुझ्या तोंडानं म्हन.”

“नाही,” मी म्हणाले. आवाज माझाच आहे हे मला जरा उशिरा कळलं.

संध्याकाळी त्या घरी आल्या. बाबांनी बसा म्हटलं नाही, तर स्वतःच खुर्ची ओढून बसल्या. “शिव्या मला घाला, पोरीला न्हाई.” बाबांनी खरोखरच घातल्या. सिस्टरांनी सगळ्या ऐकून घेतल्या, पाणी मागून प्यायल्या आणि गेल्या.

गेल्या उन्हाळ्यात सिस्टर वारल्या. बाबांनी पेटीला खांदा दिला. कबरेपाशी प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले, मी उघडे ठेवले. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

आता तरुण संघ मी चालवते. एकेका पोरापोरीच्या तोंडाकडे बघून मागते. मागून झालं की नजर सवयीनं समोरच्या, सिस्टरांच्या खुर्चीकडे जाते. सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात. माझ्याकडे बघून मागणारं आता कुणी नाही.