चाचांचे तीन काउंटी सामने

सौदीतल्या राबिघला आमच्या शुक्रवारच्या क्रिकेटचा स्कोअर मीच लिहायचो, आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नाही ते लिहायचो नाही. या बाबतीत मी हट्टी. चाचांशी माझं वाजायचं ते यावरूनच.

चाचा रत्नागिरीकडचे, आमच्या रिफायनरीच्या प्रकल्पावर स्टोअरकीपर. तरुणपणी वडिलांबरोबर इंग्लंडात होतो आणि तिथे एका काउंटीकडून तीन सामने खेळलो, असं सांगायचे. आम्ही पुण्याची मंडळी, आमचा विश्वास बसतोय होय! "उचलली जीभ लावली टाळ्याला," असं मी त्यांना हसत तोंडावर म्हणायचो.

मग सौदीकरणात स्टोअरची जागा सौदी माणसासाठी राखीव झाली. चाचांचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, काही वाढणार नव्हता. जायच्या आदल्या आठवड्यात ते म्हणाले, "साहेब, ते तीन सामने तुमच्या वहीत लिवून ठेवा. माझ्याकडे एक कागद उरला नाही. मी गेलो की खलास."

"मी पाहिले नाहीत, चाचा," मी म्हटलं.

शेवटच्या शुक्रवारी सकाळी अशी धूळ उठली की खेळायला आम्ही दोघेच. "सहा चेंडू टाकतो, उभे राहा," म्हणाले, चेंडूंची पिशवी घेऊन निघाले आणि दहा पावलांवर दिसेनासे झाले. रिफायनरीची घरघरसुद्धा ऐकू येईना. बराच वेळ गेला. मग चेंडू आला. पाऊल वाजलं नाही, हात दिसला नाही, नुसता चेंडू, आणि माझ्यामागे लोखंडी स्टंप टण्णकन वाजला. सहाही वेळा तेच. मधूनमधून हाका मारल्या, उत्तर नाही. खाली पाहिलं तर धुळीने पांढऱ्या झालेल्या मॅटवर सहा चेंडूंची मिळून एकच खूण.

धूळ बसली तेव्हा मैदानात मी एकटाच होतो. चाचा तसेच गाडीत बसून जेद्दाच्या विमानतळाकडे गेले, असं त्यांच्या खोलीवर कळलं. त्यांचा इथला नंबर बंद झाला होता.

घरी येऊन मी वही उघडली, चाचांचं नाव घातलं. खाली लिहिलं, काउंटी सामने तीन. मग रकाने आखले. काउंटी कोणती, सामने कुणाविरुद्ध, बळी किती. सात वर्षं मी त्या माणसाची टर उडवली, आणि यातलं एकही कधी विचारलं नव्हतं.