पेन्सिलीच्या टोकावरची भाकरी

पतपेढीच्या दारातल्या गणवेशवाल्यानं माझ्या डब्यातली भाकरी पेन्सिलीच्या टोकानं उचलली. खाली काय आहे ते वाकून बघितलं. खाली ठेचा होता. भाकरी सोडली, पेन्सिल रुमालाला पुसली आणि म्हणाला, "जा."

पेन्सिल पुसली. तेवढ्यानं माझ्या अंगाची लाही लाही झाली. तरी त्या दिवशी मी मुकाट्यानं आत गेले.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. धरणगावच्या आमच्या पतपेढीत नुकतेच कॉम्प्युटर आले होते आणि त्यावर खाती भरायला मी होते. आमच्या वस्तीतली कॉम्प्युटरवर बसणारी पहिली मुलगी. जळगावला एसटीनं ये-जा करून कोर्स केला होता. बाप बाजार समितीत हमाल. भेटेल त्याला सांगायचा, आमची पोरगी एसीत बसते. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, देवघरात जावं तसं. मला त्याचंही कौतुक वाटायचं.

मग एका सोमवारी कॉम्प्युटर बंद पडले. व्हायरस शिरला म्हणाले. रविवारी चेअरमन नानांचा पुतण्या कुठूनशी फ्लॉपी आणून गाडीचा गेम खेळत बसतो, हे शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. पण चोर सोडून संन्याशाला फाशी, ही आपली जुनी रीत. नानांनी पुण्याची एक कंपनी आणली. कॉम्प्युटरची सुरक्षा हाच तिचा धंदा. तिचा साहेब बुटांसकट आतल्या खोलीत हिंडला, सगळ्यांना पासवर्ड दिले, कोण कुठं राहतं ते विचारलं. आम्ही वस्तीतल्या दोघींनी वस्तीचं नाव सांगितलं. तेवढं त्याला पुरलं. जाताना दारात गणवेशातला आपला माणूस उभा करून गेला. बाहेरची फ्लॉपी आत येऊ नये म्हणून सकाळी प्रत्येकाची पिशवी आणि डबा तपासायचा, असा नियम झाला.

प्रत्येकाचा म्हणे! वरच्या आळीतल्या मुली पर्स हलवत पुढं जायच्या. त्यांना तो "या ताई" म्हणायचा. डबे उघडायचे ते फक्त माझा आणि सुनंदाचा. सुनंदा माझ्याच गल्लीतली, माझ्याच शेजारी बसणारी. पुतण्याला तर दारात कुणी नावही विचारलं नाही.

मी नानांकडे गेले. नाना वाईट माणूस नव्हते, असं गावात सगळे म्हणायचे. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही.

"अगं, मोठी कंपनी आहे," ते म्हणाले. "त्यांचे नियम असतात. तुला काय, दोन मिनिटं डबा उघडायचा."

पुढच्या बाजाराच्या दिवशी दारात गर्दी होती. गणवेशवाल्यानं पेन्सिल काढली. मी डब्यावर हात ठेवला.

"नाही उघडणार."

"मग आत जायचं नाही."

मी आत गेले नाही. पतपेढीच्या पायरीवर बसले, डबा उघडला आणि भर सकाळी येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर भाकरी खाल्ली. सुनंदा माझ्या मागेच होती. तिनं डबा उघडून दाखवला आणि आत गेली. मला राग आला नाही. तिच्या घरात कमावणारी ती एकटीच.

संध्याकाळी घरी कळलं. बाप नुसता टोपी काढून बसला. पोरीची नोकरी गेली, एवढंच त्याला दिसत होतं. माझी फुई, म्हणजे आत्या, दाळ मिलमधून नुकतीच आली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुनी भाकरना त्यासले इटाळ होस, मंग आमना पैसाना कसा नही होस? आपला बठ्ठा पैसा तठे शे. काढी ल्या." भाकरीचा विटाळ होतो, तर आमच्या पैशाचा कसा नाही, सगळा पैसा तिथंच आहे, तो काढून घ्या, असं तिचं म्हणणं.

पतपेढीचा पिग्मी एजंट रोज संध्याकाळी वस्तीत यायचा. बाया पदराची गाठ सोडून दिवसाची बचत त्याच्या हातावर ठेवायच्या. ते पैसे तो हातानंच घ्यायचा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक दारात त्याला एकच उत्तर मिळालं. ती कंपनी दारातून हलव, मग ये. पुढच्या आठवड्यात बाया ठेवी काढायला रांगेत उभ्या राहिल्या. मॅनेजर म्हणाला, उद्या या. बाया तिथंच खाली बसल्या. मग हमालांनी पिग्मी बंद केली, भाजीवाल्यांनी केली.

तीच कंपनी धुळ्याच्या एका पतपेढीत आणि नरडाण्याच्या एका कारखान्यातही आहे असं कळलं. फुई, मी आणि वस्तीतल्या काही बाया धुळ्याला गेलो. तिथला चेअरमन हसला.

"एका डब्यासाठी एवढं?"

मी त्याच्या टेबलावरची पेन्सिल उचलली आणि म्हटलं, "तुमचा डबा आणा." मग तो हसला नाही. बाहेर त्याच्या खातेदार बायांना आम्ही सगळं सांगितलं. काहींनी पाठ फिरवली. काही तिथूनच खिडकीकडे गेल्या, ठेवी काढायला.

एका संध्याकाळी नाना आमच्या घरी आले. बापानं धावत खाट टाकली.

"उद्यापासून ये," नाना मला म्हणाले. "तुझा डबा कोणी तपासणार नाही. माझा शब्द."

बाप माझ्याकडे बघत होता. त्याचे डोळे मला दिसत होते आणि मला नोकरी हवी होती. खूप हवी होती.

"आणि सुनंदाचा?" मी विचारलं.

"तिनं कुठं तक्रार केलीय?"

"नाना, मला वगळू नका. कंपनीला वगळा."

नाना चहा न पिता उठले. ती नोकरी मला परत मिळाली नाही. बाप कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलला नाही. वस्तीची पिग्मी बंदच राहिली, तेव्हा कंपनी धरणगावातून गेली आणि जळगावात मोठी झाली. तिच्या पाट्या आता चांगल्या चांगल्या दारांवर दिसतात.

सुरक्षा मलाही हवी आहे. पण जिला चोर आधीच ठरवलेला लागतो, तिला मी पैसा देणार नाही. तिला दारात उभं करणाऱ्या पेढीतही ठेवणार नाही. कुठंही खातं उघडायला गेले की मी आधी विचारते, दारातला माणूस कोणाचा? उत्तर मिळेस्तोवर सही करत नाही. आणि त्या कंपनीचा निघाला, तर मी एकटी परत फिरत नाही. रांगेतल्या बायांना सगळं सांगते आणि त्यांना घेऊन फिरते.