अक्का सुई ओवते तोवर

हुबळी आणि धारवाड ही दोन्ही शहरं पालथी घातली, तरी पाहुण्याची विचारपूस करायच्या आधी शिवणाच्या मशीनची खुशाली सांगणारी बाई एकच सापडेल, आणि ती नेमकी माझ्या नशिबात मेहुणी म्हणून आली. आमच्या हिची ही थोरली बहीण. सगळे तिला अक्का म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. तिची खरी ओळख मला पटली ती लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत. नवा जावई म्हणून मी सासरी, हुबळीला मुक्कामाला होतो. अक्का बाजारात गेली होती, कोपऱ्यातली मशीन सकाळपासून कुरकुरत होती, आणि आपण काहीतरी उपयोगाचे आहोत हे दाखवायची मला त्या वयात हौस होती. कोनाड्यात तेलाची बाटली दिसली. मशीनला जी जी भोकं दिसली, त्या सगळ्यांत मी ते तेल सोडलं. कुरकुर थांबली आणि मी समाधानानं झोपलो. ते डोक्याला लावायचं खोबरेल होतं. पहाटेच्या गारठ्यात ते बाटलीत थिजलं तसं मशीनच्या पोटातही थिजलं, आणि सकाळी अक्कानं पायडलवर पाय ठेवला तर चाक जागचं हलेना.  ती रॉकेलची बशी आणि कोंबडीचं पीस घेऊन दिवसभर एकेक भाग पुसत बसली. संध्याकाळी बहिणीला शांतपणे म्हणाली, "तुझा नवरा चांगला आहे. फक्त त्याला कशाला हात लावू देऊ नको." हा सल्ला आमच्या हिनं आजतागायत पाळला आहे.

मशीन अक्काहून वयानं मोठी. काळीभोर, पायानं चालवायची, अंगावरची सोनेरी वेलबुट्टी हात लागून लागून पुसट झालेली. तिच्या पोटात नेहमीच्या गोल बॉबिनऐवजी होडीच्या आकाराचं लांबट शटल आहे, आणि ते बघायला शेजारच्या गल्लीतला मशीन दुरुस्त करणारा अधूनमधून आपल्या पाहुण्यांना घेऊन येतो. कलघटगीच्या एका म्हाताऱ्या कानडी शिंप्याकडून माझ्या सासऱ्यांनी ती आणली होती. एवढ्या एका कारणावरून अक्काची पक्की समजूत आहे की मशीनला मराठी कळत नाही. आमच्याशी मराठीत बोलता बोलता मशीन अडली, की अक्का त्याच दमात कानडीत शिरते. "याक निंती?" म्हणजे का थांबलीस, असं आधी प्रेमानं विचारते. टाके सुटायला लागले की "हंग माडब्याड", असं करू नको, असा दम. आणि गाडी रुळावर आली की "नडी, नडी", चल चल, असं चढावर बैलाला म्हणावं तसं पुटपुटत राहते. एकदा मी मशीनला मराठीत दोन समजुतीचे शब्द सांगून बघितले. अक्कानं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "उगाच तोंड शिणवता, पाव्हणे. तिच्या कानावरून जातं ते." लग्नाला इतकी वर्षं झाली, माझे होते ते केस पिकले आणि पिकलेले गेले, तरी अक्काच्या लेखी मी अजून पाव्हणेच.

मशीनच्या आहारविहाराचे नियम एखाद्या मठातही नसतील इतके कडक. तेल द्यायचं ते मंगळवारी, आणि स्वतःची आंघोळ झाल्याशिवाय नाही. मशीनचं डोकं मागं कलंडवायचं, दातांच्या फटीत साचलेला कापसासारखा मळ जुन्या टूथब्रशनं काढायचा, मग प्रत्येक भोकात थेंबभर तेल. जास्त दिलं तर तिला अपचन होतं. नंतर चिंधीवर टीप मारत राहायचं, तेलाचा डाग उमटायचा थांबेपर्यंत. पावसाळ्यात चामड्याचा पट्टा सैल पडतो, तो कापून पुन्हा तारेनं जोडायचा. आणि काम संपलं की पट्टा चाकावरून उतरवून ठेवायचा, कारण सारखं ताणून बसलं की कुणाचीही कंबर धरणारच. अक्काची स्वतःची कंबर धरते तेव्हा मात्र ती कुणालाही दाखवत नाही. तिच्या मते डॉक्टरही तेलच देतात, पण चुकीच्या भोकात. तिला आम्ही व्हिडिओ कॉल करायला शिकवलं, त्याचा आम्हाला झालेला फायदा एवढाच की आता मशीन रोज दिसते. अक्काचा फक्त आवाज येतो. "कशी आहेस गं?" असं हिनं विचारलं की मोबाईल चाकाकडे वळतो.

माणसांच्या तोंडाकडे अक्का बघत नाही, शिवणीकडे बघते. समोरच्याचं लग्न ठरलंय की नोकरी गेलीय हे तिला तासाभरानं कळतं, पण बाही काखेत उसवलीय हे तो उंबऱ्याबाहेर चप्पल काढत असतानाच कळतं. घरपट्टीची चौकशी करायला आलेला एक माणूस शर्टाचं तुटलेलं बटण लावून घेऊन गेला आणि चौकशी करायचीच विसरला. पुढं तो दोनदा आला, दोन्ही वेळा वेगळा शर्ट घेऊन. माझी तर दर रविवारची ठरलेली दशा अशी की धारवाडहून बस पकडून, उभ्यानं हुबळी गाठून, कमरीपेठेचा बोळ चालून मी अक्काच्या दारात पोचायचं आणि पाणी प्यायच्या आधी लुंगीवर बसायचं. कारण माझ्या पँटीच्या पायांच्या खालच्या काठाची शिवण अक्काला कधीच पटलेली नाही. ती उसवते, पुन्हा घालते. पुढच्या रविवारी स्वतःचीच घातलेली शिवण तिला पटत नाही. माझ्या पँटी दरवर्षी बोटभर आखूड होत चालल्या आहेत, आणि ऑफिसात सगळ्यांना वाटतं की मी या वयात उंच होतोय.

या रविवारांचा मला शीण येऊ लागला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. आठवडाभर ऑफिसातल्या फायलींची धूळ, आणि रविवारी हा प्रवास. गुडघे कुरकुरतात, आणि त्यांच्यात थेंब सोडायला भोक नाही. ही पूर्वी माझ्याबरोबर यायची, पण तिची पाठ दुखायला लागल्यापासून बसचे धक्के तिला सोसत नाहीत. ती महिन्यातून एखाद्या वेळी रिक्षा ठरवून एकटीच जाऊन येते, एरवी माझ्याबरोबर डबा पाठवते. अक्काच्या डोळ्यांचं सगळं करून झालं होतं. ओढून नेऊन ऑपरेशन झालं, चष्मे बदलले, आणि शेवटी डॉक्टर म्हणाले की आता पडद्याचंच दुखणं आहे, उरलंय ते जपा. गेल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमाराला अक्का स्टोव्हवर दूध समजून ताक तापवत बसली, तेव्हा ही हट्टाला पेटली. आता हुबळीच्या त्या घरात एकटं राहायचं नाही, धारवाडला यायचं. मागची खोली मोकळी आहे, खिडकीत उजेड आहे, मशीनसुद्धा आणू. अक्कानं ऐकून घेतलं. म्हणाली, मशीन यायची नाही, धारवाडची हवा सर्द, तिला मानवणार नाही. मग जरा थांबून म्हणाली, "माझ्या हातानं सुई ओवते तोवर मला हलवू नका. ज्या दिवशी ओवता येणार नाही, त्या दिवशी मी आपण होऊन पेटी भरते."

हिनं हे कबूल केलं. मीही मान हलवली. डॉक्टरांचं बोलणं आम्ही दोघांनीही ऐकलं होतं. फार तर पावसाळा, असा आमचा हिशेब. मागच्या खोलीत आम्ही खाटसुद्धा टाकली. पण पावसाळा गेला, थंडी आली, आणि अक्काची मशीन आपली चालूच. उशांचे अभ्रे होत होते, पिशव्या होत होत्या, माझ्या पँटी वर चढत होत्या. सुई ओवलेली असायचीच. रीळ संपत आलं की अक्का काय करायची, तर जुना दोरा रिळापाशी तोडायची, त्याच्या शेपटाला नव्या रिळाचा दोरा बारीक गाठ मारून जोडायची आणि सुईकडून अलगद ओढायची. जुन्याच्या मागोमाग नवा दोरा सगळी वळणं घेत यायचा आणि ती इवलीशी गाठ नेढ्यातून सुद्धा निघून जायची. गाठ मारायला डोळे लागत नाहीत, बोटं पुरतात. मी ते दर खेपेला बघत होतो. एकदा कौतुकानं म्हणालोही, की हे बरं आहे, ओवायलाच नको. अक्का एकदम तडकली. "वेळ वाचतो म्हणून करते. तुमच्यासारखा रिकामा वेळ नाही मला." मी लुंगी सावरून बसलो. मला वाटलं, आखूड पँटीचा राग आता माणसावर निघाला.

परवाच्या रविवारी मशीनच्या खालून कसलासा खट् आवाज येत होता. अक्का खाली वाकून, कान लावून बसली आणि म्हणाली, चाक जरा सावकाश फिरवा. मी फिरवलं. चाक आपल्याकडे फिरवायचं असतं, हे त्या घरातल्या मांजरालाही ठाऊक असेल. मी ते पलीकडे फिरवलं. दोरा आत गुंतला, ताणला आणि तुटला. तुटलेलं टोक नेढ्यातून निसटून खाली लोंबलं. मी म्हटलं, चुकलं. एरवी अक्कानं माझ्या सात पिढ्यांची शिवण उसवली असती. ती नुसती उठली, खालचा गुंता कात्रीनं काढला आणि सुईसमोर येऊन बसली. दोऱ्याचं टोक तोंडात धरून ओलं केलं, बोटांत पिळलं. सुईच्या मागं पांढऱ्या कागदाचा कपटा धरला. दोरा पुढं नेला. मग मागच्या बाजूनं चिमटीत धरून ओढला आणि हं करून सुस्कारा टाकला. तो नेढ्यातून गेलेलाच नव्हता. सुईला घासून शेजारून गेला होता. तिनं पाय टाकला, सुई खाली गेली, वर आली, आणि दोरा मोकळा होऊन कापडावर पडला. तिनं पुन्हा ओला केला. पुन्हा शेजारून. मला इतकं स्पष्ट दिसत होतं की बघवेना, म्हणून मी खिडकीबाहेर बघत बसलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्यांची भिंत होती. वर्षभरातल्या त्या सगळ्या गाठी माझ्या आत्ता ध्यानात येत होत्या.

बराच वेळ मशीनचा आवाज आला नाही. मग अक्का म्हणाली, "चहा टाकते. तुम्ही बसा इथं मशीनपाशी."

तिच्या त्या स्टुलावर आजवर मला कुणी बस म्हटलं नव्हतं. ती भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेली आणि मी बसलो. खरं सांगायचं तर मी तसाच बसून चहा प्यायलो असतो तरी चाललं असतं. काही करायचंच नव्हतं. पेटी भरली गेली असती, मागच्या खोलीतली खाट वापरात आली असती, आणि माझे रविवार मला परत मिळाले असते. हे सगळं माझ्या मनात आलं, अगदी बसची गर्दीसुद्धा आली. आणि येत असतानाच माझे हात खिशात चष्मा शोधत होते. लुंगीला खिसा नसतो हे नंतर कळलं. चष्मा शर्टाच्या खिशात सापडला, मोबाईलची बॅटरी लावली. डावीकडून ओवायचा, एवढं मला इतक्या रविवारांनी शिकवलं होतं. पण माझेही डोळे काही विशीतले नाहीत. दोरा फाटे फोडत होता, नेढं एकाचं दोन दिसत होतं. आतून स्टोव्हवर भांडं ठेवल्याचा, मग उतरवल्याचा, मग पुन्हा ठेवल्याचा आवाज आला. एवढ्या वेळात गावजेवणाचा चहा झाला असता.

"साखर घालू का, पाव्हणे?" आतून विचारणा झाली. मला साखर वर्ज्य आहे हे अक्काला पाठ आहे.

"थांबा जरा," मी म्हणालो.

भांडं पुन्हा चढलं. शेवटी एकदाचा दोरा गेला. मी तो वीतभर मागं ओढून ठेवला, स्टुलावरून उठून आपल्या जागी, चटईवर जाऊन बसलो आणि म्हणालो, "नको, साखर नको."

अक्का चहा घेऊन आली. उकळून उकळून काढ्यासारखा काळा झाला होता. माझ्या हातात कप देऊन ती मशीनवर बसली. सुईकडे तिनं बघितलं नाही. बोटानं मागचा दोरा चाचपला, माझी पँट सुईखाली सरकवली, आणि "नडी, नडी" म्हणत पाय टाकला. मशीन चालू लागली. मधेच एकदा, मान वर न करता, ती मला म्हणाली की आज उजेड कमी आहे म्हणून जरा वेळ लागला. मी म्हणालो, ढगाळच आहे. बाहेर लख्ख ऊन होतं.

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा ही मागच्या खोलीत होती, खाटेवरची चादर झटकून पुन्हा घालत होती. डबा ठेवला. तिनं अक्काचं खाणं विचारलं, पाणी भरलं होतं का विचारलं, आणि मग उगाच उशी सरळ करत विचारलं, "सुई?"

"ओवली," मी म्हणालो. "तिनंच."

 ती खाटेच्या कडेवर बसली, आणि पाठीवर हात ठेवून थकलेल्या आवाजात म्हणाली, "मागच्या खेपेला मी गेले होते, तेव्हाही तिनंच ओवली होती. असंच सांगत जा. अक्कानं विचारलं तरी."