गोधडीवरचा लॅपटॉप

बहिणीसाठी लॅपटॉप मीच निवडला होता. भंडाऱ्याच्या दुकानात, एसीत उभं राहून, दहा मिनिटं चालवून. पातळ, हलका, कमी विजेवर चालणारा प्रोसेसर, आत पंखासुद्धा नाही. बोट लावायचा अवकाश, हवं ते समोर हजर. मी शाळेत संगणक शिकवतो, त्यामुळे घरात या बाबतीत माझा शब्द अखेरचा. तो मी भलत्याच ऐटीत दिला.

आसगावचं आमचं घर टिनाचं. नव्या वस्तूला ओरखडा नको म्हणून आईनं खाली घडी घातलेली गोधडी दिली. आमच्याकडे नवी वस्तू अशीच जपतात. मीही म्हणालो, "हो, गोधडीवरच ठेव."

मे महिन्यात तिची घरूनच द्यायची टायपिंगची परीक्षा होती. पास झाली तर घरबसल्या काम मिळणार होतं. गाव न सोडता आपल्या पायावर उभं राहायचं, हे तिनं मनात पक्कं धरलं होतं. कितीतरी दिवस ती पहाटे उठून सराव करायची. परीक्षा मात्र भर दुपारची निघाली. पहिली पाच मिनिटं झकास गेली, मग ती ओरडली, "दादा, अक्षरं मांगून येऊन राह्यले! मी टाइप करून राह्यली अन् दिसतच नाही!"

मी दारातूनच म्हणालो, "नाचता येईना, अंगण वाकडं." आई हसली, काकू हसली. ती नापास झाली.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच गोधडीवर मी प्रश्नपत्रिका टाइप करायला बसलो. थोड्या वेळानं माझीही अक्षरं रेंगाळायला लागली. उचलून पाहिलं तर लॅपटॉपचं बूड तव्यासारखं तापलेलं. पंखा नाही म्हटल्यावर उष्णता बुडातूनच बाहेर पडायची, आणि ती वाट गोधडीनं बंद केली होती. असा प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, मुलांना मी हेच शिकवतो. त्या दुपारी दोन पावलं पुढे जाऊन हात लावून पाहायचं तेवढं सुचलं नाही. त्याची मला लाज वाटली, अजून वाटते.

तिला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जाऊ दे ना दादा. मी तं मानूनच घेतलं होतं, माहाच हात हळू हाय म्हणून."

मी हट्टानं लॅपटॉप उघड्या फरशीवर, कूलरच्या वाऱ्यात ठेवला आणि तिला समोर बसवलं. आता तो सुरळीत चालत होता. तिनं दीड ओळ टाइप केली आणि एक अक्षर चुकलं. ते खोडायच्या आधी तिनं घाबरून माझ्या तोंडाकडे पाहिलं.