वहीम

"हात."

एवढा एकच शब्द. रामराम नाही, सलाम नाही. खिंडीतल्या दगडावर बसलेला तो उंच माणूस समोरच्याचा उजवा हात धरायचा, बोटं नाकाशी न्यायचा आणि डोळे मिटायचा. मग निकाल लागायचा. "मेथी. लसूण. जा." नाहीतर, "बिडी. काडेपेटी काढ." काडेपेटी नाही म्हणून कुणी आईची शपथ घेतली तरी उत्तर ठरलेलं, "नाक खोटं नाय बोलत."

तुम्ही म्हणाल, हा कोण मोठा लागून गेला? तर तो आमच्या डोंगरावरच्या गवताचा चौकीदार. आम्ही पोरं त्याला चाचा म्हणायचो. वेरूळपासून दोन कोसांवर, डोंगराच्या कुशीत आमचं गाव. दिवाळीनंतर वरचं गवत वाळून कमरेइतकं उभं असायचं आणि गावातली सारी जनावरं उन्हाळाभर त्यावर जगायची. एक ठिणगी पडली की संपलं. म्हणून डोंगर चढणाऱ्या प्रत्येकावर त्याचा वहीम. जमा केलेल्या काडेपेट्या तो पत्र्याच्या डब्यात ठेवायचा आणि उतरताना ज्याची त्याला परत करायचा.

एकदा लग्नाचं वऱ्हाड खिंडीतून परतत होतं. ह्यानं बैलगाडी थांबवून नवरदेवाचा हात हुंगला. "वर हळद, खाली बिडी," असं जाहीर करून काडेपेटी काढून घेतली. शेजारी बसलेल्या नवरीला नवऱ्याची ही कला तेव्हाच कळली. घरी पोचेपर्यंत ती म्हणे तोंड फिरवून बसली.

गावाचाही त्याच्यावर वहीम होता, पण त्याचं कारण वेगळं. पोलीस ॲक्शन होऊन दोनच हिवाळे झाले होते. ह्याची नेमणूक निजामाच्या अमलातली. भाऊ बायकापोरांसह हैदराबादकडे निघून गेले, हा एकटा मागं राहिला. का राहिला, यावर पारावर रोज खल चाले. कुणी म्हणे डोंगरात धन पुरलंय, कुणी म्हणे हा बातम्या पुरवतो. त्याला विचारलं तर म्हणायचा, "म्या गेलो तर गवत कोण बघंल?" उत्तर इतकं साधं होतं की ते कुणालाच पटेना.

त्या पौषात डोंगर पेटला. तो मी पेटवला होता.

दहा वर्षांची होते. हरभऱ्याचे घाटे भरले होते. लोकांच्या शेतातले चार डहाळे उपटले, आईच्या चुलीपुढची काडेपेटी घेतली आणि खिंड टाळून घळीतून वर गेले. हुळा भाजायचा होता, आणि चोरीचा म्हणून कुणाला न दिसता खायचा होता. वारं सुटलं. पुढचं मी पाहिलंच नाही, कारण मी पळत होते. वाटेत शेणाचा पो दिसला, त्यात दोन्ही हात माखून घेतले. त्याचं नाक मला ठाऊक होतं.

सारा गाव लिंबाच्या फांद्या घेऊन आग झोडपत होता. घरं वाचली, गवत गेलं. दिवस मावळता चाचा खाली आला तेव्हा त्याची अर्धी दाढी जळलेली होती. चावडीपुढं त्यानं आम्हा पोरांना रांगेत उभं केलं आणि एकेकाचा हात हुंगत आला. माझा हात त्यानं इतरांपेक्षा जास्त वेळ धरला. "गोवऱ्या थापत होते," मी न विचारताच सांगितलं.

"शेण," तो म्हणाला. हात सोडला आणि पाटलाकडे वळून बोलला, "इथं कुनी नाय."

मग उरला कोण? तोच. रझाकार हरल्याचा राग ह्यानं गवतावर काढला, असं गावानं ठरवून टाकलं. चौकशीचे साहेब आले, आमच्या ओसरीवर चार माणसांच्या जबान्या झाल्या आणि त्याची चाकरी गेली. मी माजघरात दाराआड उभी राहून हे सगळं ऐकलं आणि गप्प बसले. ती माझी लाज आजही गेलेली नाही.

चाकरी गेली तरी माणूस दगडावरून उठला नाही. चार शेळ्या पाळल्या आणि पगाराशिवाय लोकांचे हात हुंगत राहिला. लोक हसत हात पुढं करायचे आणि पाठ वळली की म्हणायचे, "जाळणाराच राखतोय."

पुढं मी शहरात शाळेवर लागले. दर संक्रांतीला गावी यायचे आणि डोंगरावर एक फेरी व्हायचीच. खिंडीत थांबून हात पुढं करायचा. "खडू," तो म्हणायचा. "जा, बेटी." त्या एका शब्दावर सुटका होते आहे असं वाटायचं, आणि वर चढताना जीव खालीच राहायचा.

एका वर्षी मी वर गेलेच नाही. त्याच्याजवळ बसले आणि म्हणाले, "चाचा, त्या साली डोंगर…"

"ठावं हाय," तो शेळीकडे बघत म्हणाला. "वर शेण व्हतं. खाली हुळा व्हता."

म्हणजे नाक खोटं बोललं नव्हतं. तो बोलला होता.

"मग सांगितलं का नाही?"

"माझ्यावर वहीम आधीच व्हते. त्यात आनखी एक. तुझ्यावर पयलाच पडला असता." मग शेळीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "आन् पयला लई चिकट असतो."

मी रडले. त्यानं रडू दिलं. गावाला सांगते म्हणाले, तर हसला. "सांग. कोन ऐकतंय?"

मी वर्षभर धीर गोळा करत राहिले. तेवढ्यात तो गेल्याचं पत्र आलं.

त्या संक्रांतीला पारावर उभी राहून सगळ्यांदेखत सांगितलं, डोंगर मी जाळला. म्हातारे माझ्याकडे कौतुकानं पाहू लागले. "बाई, तुमी मनाच्या चांगल्या," एक जण म्हणाला. "गेलेल्या मान्साची बाजू घेता. पर जाळला त्यानंच, गावाला ठावं हाय."

मी शपथ घेतली. त्यानं तीळगूळ पुढं केला.

तशीच उठून खिंडीत गेले. दगड रिकामा होता, त्यावर बसले. गवत कमरेइतकं उभं होतं. थोड्या वेळानं एक अनोळखी माणूस बिडी ओढत वर आला.

"हात," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे संशयानं पाहिलं, हात पाठीमागं नेला आणि बिडी न विझवता वर चढत गेला.