कोणी कोणाला वर आणलं

आमच्या पोहण्याच्या तलावावर त्यांना सगळे शिट्टीबाई म्हणत. आवाज असा, की पलीकडच्या काठावर धावणारं पोर जागीच थांबायचं. एकतीस वर्षं त्यांनी तलावाची खोल बाजू सांभाळली. मी खिडकीत बसून कपाटांच्या किल्ल्या देतो. त्यांनी किती जणांना पाण्यातून ओढून काढलं, ते याच खिडकीतून पाहिलंय. "बुडणाऱ्याच्या समोरून जाऊ नका," त्या पोरांना बजावत. "तो तुम्हाला शिडी समजतो."

वडील लवकर गेले, तेव्हा बाईंनी शिक्षण सोडून ही नोकरी धरली. लग्न केलं नाही. नऊ वर्षांनी लहान असलेल्या भावाला शिकवलं आणि याच तलावात पोहायलाही शिकवलं. पुढे बांधकामाच्या धंद्यात त्याने बस्तान बसवलं. आईला पंच्याहत्तरावं लागलं, तेव्हा तो सगळ्यांना एका बेटावर सुट्टीला घेऊन गेला. आई, बायको, दोन मुलं आणि ताई.

तिसऱ्या दिवशी पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात खाली जायचा बेत ठरला. "ताई, तू चल माझ्याबरोबर," भाऊ म्हणाला. "या घरात पाण्याला न घाबरणारे आपण दोघंच." बाकीची मंडळी होडीत बसली. तिथल्या शिक्षकाने हाताच्या खुणा शिकवल्या आणि एक नियम पुन्हा पुन्हा सांगितला: घाबरून एकदम वर यायचं नाही, श्वास कोंडायचा नाही, नाहीतर फुप्फुस फाटेल.

बारा मीटर खाली पिवळ्या माशांचा एक थवा बाईंच्या अंगावरून गेला. "पाण्यात असून कुणावर लक्ष ठेवायचं नाही, असं मला पहिल्यांदाच झालं," त्या पुढे मला म्हणाल्या. "पाच मिनिटं असतील. फार बरं वाटलं."

मग त्यांनी सवयीने मागे पाहिलं. भावाच्या चष्म्यात पाणी शिरलं होतं. त्याने तोंडातली नळी थुंकली आणि वर झेप घेतली. बाईंनी त्याचा पट्टा पकडला. तो हातपाय झाडायला लागला, त्याचं कोपर त्यांच्या नाकावर बसलं. त्यांनी मागून त्याला कवेत घेतलं, नळी पुन्हा त्याच्या तोंडात कोंबली आणि तो श्वास घेईपर्यंत हाताने दाबून धरली. तोवर शिक्षक पोहोचला. दोघांनी मिळून त्याला हळूहळू वर आणलं.

होडीत चढताना बाईंच्या नाकातून रक्त वाहत होतं. आई रडायला लागली. "काय झालं? काय झालं तिला?"

भाऊ थरथरत होता. दोन्ही मुलं त्याच्याकडे बघत होती. "ताई घाबरली," तो म्हणाला. "मी धरलं म्हणून बरं."

आईने बाईंना विचारलं, "खरं का गं?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली.

"मुलांसमोर त्याची शोभा कशाला करायची, असं वाटलं," त्या मला म्हणाल्या. "संध्याकाळी तो स्वतःच सांगेल, असं धरून चालले मी."

संध्याकाळी जेवताना त्याने तीच गोष्ट सांगितली, जरा वाढवून. सुट्टी संपेस्तोवर ती पक्की झाली होती.

दोन महिन्यांनी तो मुलांना घेऊन तलावावर आला आणि माझ्या खिडकीशी उभं राहून त्याने ती रंगवून सांगितली. मी हसलो. पुढे चहा पिताना मीच ती व्यवस्थापकांना ऐकवली. गंमत म्हणून. आठवड्याभरात त्यांनी बाईंना बोलावून घेतलं. "वय सगळ्यांचंच होतं. खोल बाजूला आता नवा माणूस बघेल. तुम्ही बायकांची कपडे बदलायची खोली बघा." बाईंनी गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली.

हे सगळं त्यांनी मला सांगितलं ते त्यानंतर वर्षाने, ओले टॉवेल मोजताना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाई, तेव्हाच का नाही बोललात?"

"भावाला फोन केला होता. म्हटलं, साहेबांशी एकदा बोल, खरं काय ते सांग. तर म्हणतो, ताई, तुला खरंच आठवत नाही का? तू किती घाबरली होतीस." त्यांनी टॉवेलांचा गठ्ठा उचलला. "तो थापा मारत असता तर मी भांडले असते. त्याला ते खरं वाटायला लागलंय."

मी व्यवस्थापकांकडे गेलो, सगळं सांगितलं. "तू तेव्हा खोटं बोललास की आता बोलतोयस?" त्यांनी विचारलं आणि समोरचा कागद वाचायला घेतला.

त्यानंतर दोन वर्षांनी आई आजारी पडली. शेवटचे चार महिने बाईंनीच तिचं सगळं केलं, अंघोळीपासून औषधापर्यंत. भाऊ रविवारी फळं घेऊन यायचा. एका दुपारी आईने बाईंचा हात धरला. "माझ्यामागे त्याच्याशी नीट वाग," ती म्हणाली. "तुझा जीव वाचवलाय त्याने. विसरू नकोस."

"तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"हो म्हटलं," बाई म्हणाल्या. "दुसरं काय म्हणणार?"

आई गेल्यावर भावाचे फोन येत राहिले. बाईंनी ते उचलणं बंद केलं. नातेवाइकांत बोललं जातं, ज्याने जीव वाचवला त्यालाच ही ओळख देत नाही, किती कृतघ्न म्हणावी. बाईंच्या कानावर ते गेलंय. त्या वेळेवर कामाला येतात, फरशी कोरडी करतात, टॉवेल मोजतात. खोल बाजूकडे जाणारं दार त्यांच्या खोलीतूनच उघडतं, पण कुठेही जायचं असलं तरी त्या माझ्या खिडकीवरून, बाहेरून वळसा घालून जातात.