आधी माझ्या डोक्याले लावा

देवाजी दुर्गे आमच्या पोंभुर्ण्याचे लाईनमन. गावातले दिवे गेले की लोक आधी त्यांच्या नावानं बोटं मोडत, मग तक्रार घेऊन त्यांच्या घरी जात आणि त्यांच्या बायकोच्या, सुगंधाबाईंच्या हातचा चहा पिऊन गुमान परत येत. देवाजीभाऊ तोवर कुठल्या तरी खांबावर चढलेले असत. लाईन जंगलातून आलेली. सागाची एक फांदी तारेवर पडली की चार कोसांतला फॉल्ट ते पायी हुडकत, एकेक खांब वर मान करून बघत. त्या सवयीनं मान अशी धरली होती की आम्ही समोरून 'जय भीम' केला, तर त्यांचा 'जय भीम' आमच्या मागच्या कडुलिंबाला मिळायचा.

त्यांचा एक नियम होता. लाईन बंद झाल्याचं परमिट हातात असलं तरी तारेला पहिला हात ज्यानं परमिट घेतलं त्यानंच लावायचा. हेल्परला पुढं करायचं नाही. आणि हात लावायचा तो उलटा, पंजाच्या पाठीनं. करंट असला तर तळहात तार धरून बसतो, पाठ मात्र झटक्यानं मागे येते. हे शिकण्यात त्यांची डाव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली होती. सुगंधाबाई सांगत, "लग्नात माहा हात धराच्या आधी यायनं उलट्या पंजानं लावून पाह्यला."

शहाऐंशी साली त्यांची मुलगी कांता दहावीत होती. सोळा वर्षांची, शाळेत पहिली येणारी. पावसाळ्यात तिनं हसणं सोडलं. मग शाळा सोडली, मग वेणी घालणं. धानाच्या कापणीपर्यंत तिनं बोलणंही सोडलं. भिंतीकडं तोंड करून पडून राही, घास भरवला तर गिळी, नाहीतर तो गालातच ठेवी.

देवाजीभाऊ फॉल्ट शोधायला निघाले. मास्तरांना विचारलं, मैत्रिणींना विचारलं, विहिरीवरच्या बायांना विचारलं. मी शेजारी, चंद्रपूरला कॉलेजात जाणारा, म्हणून मलाही गाठलं.

"अबे बी. ए., कोनी काई बोललं का तिले? खरं सांग."

"नाई जी, भाऊ. कोनीच काई नाई बोललं."

"मंग फांदी कुठी पडली बे?"

फांदी कुठंच नव्हती. चार कोस चालून प्रत्येक खांब शाबूत निघावा आणि तरी गावात अंधार असावा, तसं त्यांचं झालं. पानठेल्यावरच्या पोचूनं सल्ला दिला, "बाहेरचं असन भाऊ. एक काळा कोंबडा लागते."

"कोंबडा तू खाशील, अन् पोरगी माही तशीच राहीन. आमी छप्पन्न सालीच सोडलं हे सारं."

गडचिरोलीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. दीड महिना गोळ्या झाल्या, फरक नाही. पुढं पुढं कांता पाणीसुद्धा तोंडातून बाहेर सोडू लागली, तेव्हा त्यांनी चिठ्ठी देऊन नागपूरला पाठवलं. इंग्रजी कागद वाचायला सोबत कोणी पाहिजे, म्हणून मी गेलो. माझ्या इंग्रजीवर एवढा भरवसा ना त्याआधी कोणी टाकला होता, ना त्यानंतर कोणी टाकला.

नागपूरचे डॉक्टर श्रीहरी म्हणून होते. पिकल्या केसांचे, सावकाश बोलणारे. त्यांनी कांताला तपासलं, वजन केलं. तीस किलो. नाकातून नळी घालून दूध द्यायला लावलं आणि देवाजीभाऊंना समोर बसवलं.

"हे नुसतं दुःख नाही, आजार आहे. एवढ्या कोवळ्या वयातही होतो. आता गोळ्यांची वाट बघत बसलो तर पोरगी हातची जाईल. डोक्याला विजेचा उपचार द्यावा लागेल. लोक त्याला शॉक म्हणतात. इथं सही करा."

देवाजीभाऊ खुर्चीतून उठलेच.

"साहेब, मी अठरा वर्सं झाले लोकायले शॉकपासून वाचवून राह्यलो!"

"माहीत आहे. चिठ्ठीत तुमची नोकरी लिहिली आहे."

"किती व्होल्ट?"

"शंभर-सव्वाशे."

"किती वेळ?"

"एक सेकंद. कधी त्याहून कमी."

"घुसते कुठून अन् निंगते कुठून? छातीतून जाते का?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "या कानशिलापासून त्या कानशिलापर्यंत. छातीचा संबंध नाही. वीस वर्षांत मला लोकांनी विचारलं, दुखेल का, पोरीचं लग्न होईल का. हे पहिल्यांदाच कोणी विचारतंय. चला, मशीन दाखवतो."

मशीन म्हणजे रेडिओएवढी पेटी. वर दोन बटणं, एक काटा, दोन वायरी. देवाजीभाऊंनी शर्टाच्या खिशातून टेस्टर काढला. प्लग खोलून पाहिला, अर्थिंग पाहिलं, वायरीचं रबर नखानं दाबून पाहिलं. मी मनात म्हणत होतो, एक तरी स्क्रू ढिला निघू दे. त्यांच्याही मनात तेच असावं, कारण सगळं ठीक निघत गेलं तसे ते खचत गेले. दोष सापडला असता तर नाही म्हणायला जागा होती. त्यांनी प्लग पुन्हा घट्ट बसवला आणि टोपी काढली.

"आधी माझ्या डोक्याले लावा."

"काय?"

"परमिटवर सही मी करून राह्यलो ना? मंग पैले हात माहाच लागन. मले पाहू द्या कसं लागते थे. मंग पोरीले लावा."

डॉक्टर हसले नाहीत. "देवाजी, तुम्हाला लावून मला काय कळणार? आजारी ती आहे. निरोगी माणसाला मी हे देणार नाही."

"मले काई होत नाई. अकरा हजाराच्या लायनीवर काम केलं मी."

तेव्हा दाराशी बसलेल्या सुगंधाबाई उठल्या. आठ दिवसांत त्या धड झोपल्या नव्हत्या.

"तुमच्या डोक्यात काई असन तर थे आपन घरी गेल्यावर पाहू. इथी पोरगी चालली अन् तुमी नंबर लावून राह्यले!"

"अवं, पन आपन नुसतं पाहाचं? मंग मी बाप कायचा?"

 डॉक्टरांनी विचारलं, "तुमचा माणूस खांबावर असतो, तेव्हा खाली कोण असतं?"

"एक जन स्विचपाशी राह्यते."

"तो काय करतो?"

"काईच नाई. उभा राह्यते. कोनाले हात लावू देत नाई. वरचा खाली उतरेपर्यंत जागचा हालत नाई."

"तेवढं करा."

देवाजीभाऊंनी सही केली. सहीखाली सवयीनं तारीख आणि वेळही टाकली, मिनिटासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी कांताला उपाशीपोटी आत नेलं. आधी झोपेचं इंजेक्शन दिलं, मग अंग सैल पाडणारं दुसरं. दातांत रबर ठेवलं. देवाजीभाऊ भिंतीवरच्या स्विचजवळ उभे राहिले. त्यांच्या खात्यातल्या साहेबांनी पाहिलं असतं तर बढती दिली असती, असे ताठ. दार अर्धं उघडं होतं. मी डोळे मिटायची तयारी ठेवली होती, पण मिटण्यासारखं काही घडलंच नाही. डॉक्टरांनी बटण दाबलं, कांताचा चेहरा आवळला, पायांची बोटं थरथरली, पाऊण मिनिटात थांबली. देवाजीभाऊंचे ओठ तेवढं मोजत होते.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

तरी ती जागी होईपर्यंत ते स्विचपासून हलले नाहीत. नर्सनं स्टूल दिलं तर त्यावर टोपी ठेवली.

आठवड्यातून दोनदा, असे सहा शॉक द्यायचे होते. पहिल्यानं काही झालं नाही. दुसऱ्यानंही नाही. देवाजीभाऊ व्हरांड्यात माझ्यावर चिडले, जणू मशीन मीच बनवलं होतं. तिसऱ्यानंतर कांतानं ग्लास स्वतःच्या हातानं धरला. चौथ्यानंतर तासाभरानं डोळे उघडले, इकडंतिकडं पाहिलं आणि खरखरीत आवाजात म्हणाली, "बाबा, तुमी इथी काऊन? ड्युटी नाई का?"

साडेतीन महिन्यांनी ऐकलेला तो आवाज. सुगंधाबाईंनी पदर तोंडात कोंबला. देवाजीभाऊ म्हणाले, "सुट्टी टाकली."

दहा मिनिटांनी कांतानं पुन्हा विचारलं, "बाबा, ड्युटी नाई का?"

"सुट्टी टाकली, बेटा."

दुपारपर्यंत तिनं सात वेळा विचारलं. सातही वेळा त्यांनी पहिल्यांदाच विचारल्यासारखं सांगितलं. सुगंधाबाई मात्र घाबरल्या. "डॉक्टरसाहेब, हिच्या ध्यानातच राहून नाई राह्यलं जी काई!"

डॉक्टरांनी लपवलं नाही. "या उपचारानं विसर पडतो. पुष्कळसं परत येईल. हे मधले काही महिने कदाचित येणार नाहीत. अजून दोन वेळा द्यायचं आहे." मग ते कांताकडं वळले. "आता तू बोलतेस, तर तुलाच विचारतो. देऊ का?"

कांतानं मान फिरवली.  ती परत भिंतीकडं वळते की काय, असं वाटलं. पण तिनं बापाकडं पाहिलं.

"दुखते का, बाबा?"

देवाजीभाऊंना खोटं बोलता येत असतं तर तेव्हा बोलले असते.

"मले मालूम नाई, बेटा. मी म्हणलं होतं, आधी माझ्या डोक्याले लावा. यायनं लावूच नाई देलं."

"तुमच्या डोक्याले?"

"हो ना."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? पाहासाठी!"

कांतानं बापाचं ते टक्कल, त्यावरचा टोपीचा वळ आणि खिशातला टेस्टर असं सगळं एकदा नीट पाहिलं. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग दुसरा. हसू असं फार नव्हतं, खोकल्यासारखंच आलं, पण त्यात दात दिसले. देवाजीभाऊ डॉक्टरांकडं वळून रागानं म्हणाले, "पाहा, हासून राह्यली बापाले!" आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

उरलेल्या दोन्ही वेळी कांता स्वतः चालत आत गेली.